आठ टक्क्यांची झाकली मूठ

गटारी आठवड्यावर आली की बिअर शॉपीसमोरच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आपण दारूला हात लावत नाही, फक्त बिअर." बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याला मनापासून तसंच वाटतं. घरच्यांनाही तसंच वाटतं. पोरगा 'फक्त बिअर' घेतो म्हणून आई निर्धास्त असते, नवरा 'फक्त बिअर' प्यायलाय म्हणून बायको त्याच्या स्कूटरवर मागे बसते. हा समज एवढा घट्ट बसण्याची कारणं बरीच आहेत. त्यातल्या एकाला मी आज धरणार आहे, कारण ते सरकारच्या हातात आहे आणि एका अधिसूचनेने दुरुस्त होण्यासारखं आहे. ते म्हणजे बाटलीवरचं लेबल.

स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली हातात घ्या. 'स्ट्राँग' हा शब्द रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढा मोठा. अल्कोहोल किती, हे शोधायला मात्र बाटली फिरवावी लागते. बहुतेक बाटल्यांवर सापडतं ते असं: अल्कोहोलचं प्रमाण 8 टक्क्यांपेक्षा अधिक नाही. काहींवर 'पाचपेक्षा जास्त, आठपेक्षा अधिक नाही'. म्हणजे किती आहे ते सांगितलेलंच नाही, किती नाही तेवढं सांगितलंय. 5.1 टक्केवाली बाटलीही त्या वाक्यात बसते आणि 7.9 टक्केवालीही. ताकास तूर लागू द्यायची नाही आणि कायदा पाळला असंही म्हणायचं, याचा हा उत्तम नमुना आहे.

आता हिशेब करू. गणित शाळेतलं आहे: बाटलीतले मिली गुणिले टक्के, भागिले शंभर. 650 मिलीत 8 टक्के म्हणजे 52 मिली निव्वळ अल्कोहोल. 5 टक्क्यांच्या माइल्ड बाटलीत साडेबत्तीस. शेजारी व्हिस्की ठेवा. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 टक्के छापलेलं असतं, म्हणजे 30 मिलीच्या स्मॉल पेगमध्ये 12.84 मिली अल्कोहोल. भागून बघा. आठ टक्क्यांची एक बाटली म्हणजे चार स्मॉल, दोन लार्ज. माइल्डची एक बाटली म्हणजे अडीच स्मॉल.

आणखी एक भागाकार. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 77 मिली अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या दोन बाटल्यांत 104. 'फक्त बिअर'वाल्याने दोन स्ट्राँग संपवल्या की तो क्वार्टर संपवणाऱ्याच्या पुढे गेलेला असतो, आणि टेबलावर बेवडा मात्र क्वार्टरवाल्याला म्हणतात.

टक्का हाच मुळात फसवा आकडा आहे. 8 लहान दिसतो, 42.8 मोठा दिसतो. माणूस दोन आकडे शेजारी ठेवतो आणि बिअर पाचपट सौम्य आहे असं धरून चालतो. पण 650 मिली व्हिस्की कोणी एका बैठकीत पीत नाही आणि 30 मिली बिअर कोणी मागवत नाही. शरीराला टक्के कळत नाहीत. त्याला कळतात ते ग्रॅम. अल्कोहोल पाण्याहून हलकं असतं, एका मिलीचं वजन 0.789 ग्रॅम. त्यामुळे 52 मिली म्हणजे 41 ग्रॅम. यकृताला हा 41 चा आकडा निस्तरायचा असतो, आणि तो बाटलीवर कुठेच नसतो.

लेबल मोघम असलं तर बिघडलं काय, पिणाऱ्याला चवीवरून कळतंच की, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं आहे. कळत नाही. कडूपणा येतो हॉप्स नावाच्या फुलांमधून, त्याचा अल्कोहोलशी संबंध नाही. रंग येतो मॉल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, किती भाजला त्यावरून, त्याचाही नाही. आयर्लंडची काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट 4.2 टक्क्यांची असते, तर बेल्जियमची सोनेरी, पारदर्शक डुव्हेल साडेआठ टक्क्यांची. आपल्याकडच्या कितीतरी स्ट्राँग बिअर दिसायला माइल्डसारख्याच पिवळ्या असतात. फ्रिजमधून काढलेली थंडगार असेल तर उरलासुरला फरकही जिभेला लागत नाही. आणि नावावर जाल तर आणखी फसाल. 'हेवर्ड्स 5000' या नावातल्या पाच हजारावरून टक्का काढता येत नाही.

इथे आपल्या टेबलांवरच्या एका जुन्या विधीबद्दल बोललंच पाहिजे. बिअरची बाटली उघडायची, तिचं तोंड पाण्याच्या ग्लासात बुडवून ती उपडी धरायची आणि पाण्यात उतरणाऱ्या रेषा एकमेकांना दाखवायच्या: "बघ, ग्लिसरीन निघालं." कॉलेजची पोरं हे अजूनही फार गंभीरपणे करतात. ग्लिसरीन आंबवण्याच्या क्रियेत यीस्ट स्वतःच थोडंसं तयार करतं, वाइनमध्ये तर बिअरपेक्षा जास्त असतं. ते सगळ्या बिअरमध्ये विरघळलेलं असतं, बाटलीच्या गळ्याशी येऊन बसत नाही. पाण्यात उतरते ती बिअरच. पण या विधीतली तळमळ खरी आहे. आपण काय पितोय याची त्या पोरांना काळजी आहे. ती काळजी गळ्याशी नसलेल्या ग्लिसरीनवर खर्च होते आणि असलेल्या 41 ग्रॅमकडे लक्ष जात नाही, कारण तो आकडा त्यांना कोणी दिलेलाच नाही.

मग तो आकडा स्वतः काढता येईल का? हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बिअर बनवताना आधी जवाचा मॉल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवून घेतात. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. साखर विरघळल्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा दाट असतं. काचेच्या उंच नळकांड्यात वर्ट ओतून त्यात हायड्रोमीटर सोडतात. हायड्रोमीटर म्हणजे खाली वजन आणि वर बारीक आकडे छापलेली दांडी असलेलं काचेचं बोंडूक. वर्ट जितका दाट, तितकी दांडी वर तरंगते. समजा दांडीवर 1.048 आलं. मग यीस्ट टाकायचं. यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल करतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात याचा नेटका हिशेब आहे: 180 ग्रॅम ग्लुकोजचं 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम वायू. प्राग शहरातले रसायनतज्ज्ञ कार्ल बॉलिंग यांनी एकोणिसाव्या शतकात प्रत्यक्ष बिअरचा हिशेब बसवला. यीस्ट स्वतःच्या वाढीसाठीही थोडी साखर वापरतं, म्हणून 1 ग्रॅम अल्कोहोलला सुमारे 2.07 ग्रॅम साखर खर्ची पडते.

आंबणं थांबलं की पुन्हा हायड्रोमीटर सोडायचा. आता दांडी खोल जाते. 1.010 येतं. दोन आकड्यांतला फरक 0.038. त्याला 131.25 ने गुणायचं: 4.99. झाली पाच टक्क्यांची बिअर. सुरुवात 1.064 वर आणि शेवट 1.006 वर झाला तर हेच गणित 7.6 देतं. सूत्र ठोकळ आहे, कडक बिअरला थोडं चुकतं, पण घरगुती बिअर बनवणारे जगभर यावरच चालतात. मोजताना सांभाळायच्या गोष्टी दोन. द्रव 20 अंश सेल्सिअसच्या आसपास हवा, कारण गरम द्रव पातळ असतो आणि आकडा कमी दाखवतो. आणि वायू काढून टाकलेला हवा. ताज्या बिअरमध्ये हायड्रोमीटर सोडला की बुडबुडे त्याच्या काचेला चिकटतात आणि त्याला वर उचलतात. म्हणून आधी बिअर या भांड्यातून त्या भांड्यात ओतून तिचा फेस मारतात, आणि दांडी दोन बोटांत धरून गर्रकन फिरवतात, म्हणजे चिकटलेले बुडबुडे झटकले जातात.

आता खरी अडचण बघा. दुकानातून आणलेल्या बाटलीत हायड्रोमीटर सोडला तर काय कळेल? काहीच नाही. उरलेली साखर द्रव दाट करत असते आणि तयार झालेलं अल्कोहोल तो हलका करत असतं. दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि तुमच्या हातात येतो दोघांचा मिळून एकच आकडा. एका आकड्यावरून दोन अज्ञातं सुटत नाहीत. दुसरा आकडा, सुरुवातीचा, फक्त बनवणाऱ्याकडे असतो. प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारा नुसता रिफ्रॅक्टोमीटर लावला तरी तीच गत, अल्कोहोल प्रकाशही वाकवतं. उरतो प्रयोगशाळेतला खात्रीचा मार्ग: 100 मिली बिअर मोजून घ्यायची, उकळून अल्कोहोलची वाफ थंड करून गोळा करायची, त्यात पाणी घालून पुन्हा बरोबर 100 मिली करायचं आणि त्याची घनता मोजायची. साखर मागे राहिलेली असते, म्हणून आता घनता फक्त अल्कोहोलचं प्रमाण सांगते. प्रयोगशाळेत हे रोज होतं. परमिट रूममध्ये कोणी करणार नाही, आणि घरी ऊर्ध्वपातन करायला जाल तर तो आपल्याकडे गुन्हा आहे.

म्हणजे पिणाऱ्याला हा आकडा काढताच येत नाही. तो मिळायचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे बनवणाऱ्याने सांगणं.

बनवणाऱ्याला तो माहीत असतो का? दोन दशांश स्थळांपर्यंत माहीत असतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाण्यासारख्या पट्ट्यात बिअरचे मोठे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत बिअर अंदाजपंचे बनत नसते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या आंतोन पार कंपनीने 1967 मध्ये घनता मोजणारं पहिलं डिजिटल यंत्र आणलं. काचेची वाकडी नळी द्रवाने भरायची, तिला कंप द्यायचा आणि कंपाच्या वेगावरून घनता काढायची. आता त्याच्या जोडीला इन्फ्रारेड किरणांनी थेट अल्कोहोल मोजणारं यंत्र असतं. एका नमुन्याला काही मिनिटं लागतात. शिवाय मोठे उत्पादक बरेचदा बिअर आधी जास्त कडक बनवतात आणि भरण्याआधी हवा काढलेलं पाणी मिसळून हव्या त्या टक्क्यावर आणतात. पाणी किती मिसळायचं हे ठरवायला टक्का नेमका ठाऊक लागतो. टाकीवर लिहिलेला आकडा बाटलीवर यायला काहीही अडचण नाही.

अडचण नाही याचा पुरावा त्याच दुकानाच्या फळीवर आहे. व्हिस्कीवर 42.8 छापतात, 'पन्नासपेक्षा अधिक नाही' असं छापत नाहीत. या 42.8 चा इतिहास ऐकण्यासारखा आहे. ब्रिटिशांच्या काळी दारूचा कडकपणा 'प्रूफ'मध्ये मोजत. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची, पेटली तर माल खरा, अशी परीक्षा त्या काळी होत असल्याचं सांगतात. 1816 च्या कायद्याने बार्थोलोम्यू साइक्स यांचा हायड्रोमीटर ब्रिटनमध्ये अधिकृत झाला आणि प्रूफची व्याख्या घनतेवर बांधली गेली. 100 प्रूफ म्हणजे 57.1 टक्के. आपल्याकडे मद्य 75 प्रूफवर विकायची पद्धत रुळली. 57.1 चे पाऊण म्हणजे 42.8. इंग्रज गेला, प्रूफ गेलं, पण आकडा दशांशासकट टिकला, कारण त्यावर महसूल उभा होता.

बिअरचं गणितही पैशानेच जन्माला घातलं. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या जॉन रिचर्डसन यांनी 1784 मध्ये वर्टची घनता मोजण्यावर पुस्तक लिहिलं, आणि स्वस्त वाटणाऱ्या तपकिरी मॉल्टपेक्षा महागड्या फिक्या मॉल्टमधून जास्त साखर उतरते हे कारखानदारांना कळलं. तोवर पिढ्यान्‌पिढ्या लोक डोळे मिटून बनवत होते. 1880 मध्ये ग्लॅडस्टन यांनी ब्रिटनमधला बिअरवरचा कर थेट वर्टच्या सुरुवातीच्या घनतेवर लावला. 1993 पासून तिथे तयार बिअरमधल्या अल्कोहोलवर कर बसतो. आपल्या राज्यातही 5 टक्क्यांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बिअरला शुल्काचे दर वेगळे आहेत. सरकारला शुल्कापुरता आकडा मोजून लागतो, आणि पिणाऱ्याला मात्र 'आठपेक्षा अधिक नाही' एवढ्यावर बोळवलं जातं. मला सर्वांत जास्त राग या गोष्टीचा आहे.

आपल्या गावागावांतल्या दूध संकलन केंद्रावर जाऊन बघा. शेतकरी पहाटे चार लिटर गायीचं दूध घेऊन येतो. यंत्र त्याचं फॅट सांगतं, एसएनएफ म्हणजे फॅटशिवायचे घन घटक सांगतं. 3.5 आणि 8.5 च्या खाली पॉइंट एक-दोनने घसरलं तरी त्याचा दर कापला जातो. त्याला कोणी 'साडेतीनपेक्षा अधिक नाही' अशी सवलत देत नाही. दूध विकणाऱ्या गरिबाला दशांशाचा नियम आणि स्ट्राँग बिअर विकणाऱ्याला तीन टक्क्यांचं मोकळं मैदान, ही तफावत मला मान्य नाही.

आणि हे मैदान लहान नाही. पाचच्या किंचित वर असलेल्या बाटलीत 33 मिली अल्कोहोल, आठ टक्केवालीत 52. फरक 19 मिलीचा, म्हणजे दीड स्मॉल पेगचा. लेबलवरच्या एका वाक्याआड दीड पेग लपतो.

बाटलीतलं अल्कोहोल रक्तात गेल्यावर काय करतं ते बघा. स्वीडनचे एरिक विडमार्क यांनी 1932 मध्ये मांडलेलं सूत्र आजही न्यायवैद्यक शास्त्रात वापरतात. अल्कोहोलच्या ग्रॅमना वजनाने भागायचं. वजनाला आधी पुरुषासाठी सुमारे 0.68 ने आणि बाईसाठी 0.55 ने गुणायचं, कारण अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, चरबीत फारसं नाही. सत्तर किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी आठ टक्क्यांची बाटली भराभर संपवली तर 100 मिली रक्तात 85-90 मिलिग्रॅम अल्कोहोल येतं. पंचावन्न किलोच्या बाईच्या रक्तात तीच बाटली 135 च्या घरात नेते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा आहे 30. म्हणजे एका बाटलीत तो मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट आणि ती चौपटीहून जास्त. माइल्डची बाटली घेतली तरी सत्तर किलोवाला 54 वर पोचतो. पाच टक्क्यांची 330 मिलीची पाइंट त्याला 27 वर ठेवते, अगदी उंबरठ्यावर. हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. जेवण, वय, यकृताची तब्येत यांनी ते हलतात. पण 90 चे 30 होत नाहीत.

नाकाबंदीत पकडलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया असते, "साहेब, एकच बिअर घेतली." तो पुन्हा खरंच बोलत असतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्याला अजूनही कळलेलं नसतं की एक बिअर म्हणजे चार पेग. त्याचा बचाव मी करत नाही. पिऊन गाडीवर बसला तो गुन्हेगारच. पण ज्याने आकडा लपवला त्याला कोणीच काही विचारत नाही, हे मला खटकतं.

सकाळचं गणित तर बहुतेकांनी कधी मांडलेलंच नसतं. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी त्यात एका मिलिग्रॅमचाही फरक पडत नाही. झोप उडते, अल्कोहोल नाही. रात्री 9 ला बसून आठ टक्क्यांच्या दोन बाटल्या घेतल्या तर वरच्या हिशेबाने पहाटे 5 ला रक्तात 50 च्या वर शिल्लक असतं. पहाटे पाचला निघून कोकण गाठायचं ठरवणारे, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी हाकणारे, शाळेची व्हॅन चालवणारे, यांनी हा एक आकडा लक्षात ठेवावा. तोंडाला वास येत नाही, डोकं जड नाही, आणि तरीही कायद्याने तुम्ही प्यालेलेच असता.

नेमका आकडा छापायला विरोध करणारे एक मुद्दा मांडतात, आणि तो फुसका नाही. आकडा छापला तर पोरं कमी पैशांत जास्त चढणारी बाटली हुडकतील, कंपन्या टक्क्यांची स्पर्धा करतील. अमेरिकेने नेमक्या याच भीतीपोटी 1935 च्या कायद्याने बिअरच्या लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण छापायलाच बंदी घातली होती. साठ वर्षं ती टिकली. कूर्स कंपनी कोर्टात गेली आणि 1995 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण अमेरिकेत त्याच वेळी वाइनवर आणि व्हिस्कीवर आकडा छापला जात होता आणि त्यामुळे स्पर्धा रोखायला ही बंदी उपयोगाचीच उरली नव्हती. आपल्याकडे तर स्पर्धा आधीच चालू आहे. 'स्ट्राँग' हा शब्द, 'गॉडफादर', 'नॉक आउट' यांसारखी नावं, ही कडकपणाची जाहिरात नाही तर काय आहे? कडकपणा मिरवायचा आणि मोजमाप झाकायचं, असं दोन्ही एकाच बाटलीवर चालू देऊ नये. अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण असलेल्या एफएसएसएआयच्या 2018 च्या नियमांनी बिअरची कमाल मर्यादा 8 टक्क्यांवर बांधलेलीच आहे. तिच्या आत जे आहे ते सांगितल्याने कोणी नवव्या टक्क्यावर जाणार नाही.

बाहेर हे जमलेलं आहे. युरोपीय संघात बिअरवर एकच आकडा छापावा लागतो. साडेपाच टक्क्यांपर्यंतच्या बिअरला अर्ध्या टक्क्याची आणि त्यावरच्या बिअरला एका टक्क्याची चूक माफ. ऑस्ट्रेलियात तर बाटलीवर टक्क्यांसोबत तिच्यात किती 'स्टँडर्ड ड्रिंक' आहेत तेही छापतात, एक ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम अल्कोहोल. आपली आठ टक्क्यांची बाटली तिथे चार ड्रिंकची ठरते. ब्रिटनमध्ये 10 मिली अल्कोहोलला एक युनिट म्हणतात आणि आठवड्याला 14 युनिटांच्या वर जाऊ नका असं तिथले वैद्यकीय अधिकारी 2016 पासून सांगतात. आपल्या तीन स्ट्राँग बाटल्यांत ते 14 ओलांडले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये त्याहून पुढे जाऊन सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही, आणि तिच्याच यादीत खात्रीने कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात मद्य 1988 पासून आहे. यात बिअरला सूट नाही. आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत फळ्यावर प्रत्येक बिअरपुढे खडूने 4.8, 5.2, 6.5 असे टक्के लिहिलेले दिसतात. चार टाक्यांच्या छोट्या जागेला जे जमतं ते लाखो बाटल्या भरणाऱ्या कारखान्याला जमत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

मागणी साधी आहे. एफएसएसएआयने बिअरच्या लेबलवर 'अधिक नाही' हे शब्द बंद करावेत. प्रत्यक्षातला टक्का एका दशांशापर्यंत छापायला लावावा, आणि त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, बाटलीतल्या एकूण अल्कोहोलचे ग्रॅम. मराठीतही. राज्य उत्पादन शुल्क विभागाने दिल्लीची वाट न पाहता परमिट रूम आणि बिअर शॉपीत दर्शनी भागात एक तक्ता लावायला सांगावा: कुठली बाटली म्हणजे किती स्मॉल पेग. त्याला एका फ्लेक्सचा खर्च येतो.

हे होईपर्यंत वाचकाने आपल्यापुरता नियम करावा. लेबलवर 'आठपेक्षा अधिक नाही' असेल तर आठच धरायचे आणि बाटलीचे चार पेग मोजायचे, त्याच्या खाली एक पेगही नाही. घरात 'फक्त बिअर' घेणारा कोणी असेल तर हा भागाकार त्याच्यासमोर कागदावर करून दाखवा. भांडण न करता आकडा बोलू द्या. आणि गटारीला बसणार असाल तर गाडीची चावी बाटली उघडायच्या आधी दुसऱ्याकडे द्या. तो दुसराही 'फक्त बिअर' घेणारा नाही ना, तेवढं विचारून घ्या.